अनुभव धागा: कृष्णवर्णीय स्त्रियांचे केस आणि ‘नीटनेटकेपणा’चा हिशेब

प्रश्न साधा आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय बाईला ऑफिसात ‘नीटनेटकी’ दिसायला नेमकं काय लागतं? किती तास, कोणती रसायनं, आणि केस उगवतात तसेच ठेवले तर कुठे अडतं? या कामाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांनी लिहावं. आत्मकथा नको, माहिती हवी. ‘बिच्चाऱ्या’ हा सूरही नको.

मोठी फणी

केसापासूनच सुरुवात करू. सरळ केस आडवा कापला तर जवळजवळ गोल दिसतो. कृष्णवर्णीयांचा दाट कुरळा केस चपटा असतो आणि मुळापासूनच वळत येतो. टाळूवरचं तेल त्या वळणांवरून खाली उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी राहतात आणि प्रत्येक वळणावर केस तुटू शकतो. रोज न्हाणं इथे नुकसानच करतं. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा पुरतं.

कोरड्या केसांत फणी घालायची नाही. केस ओले करायचे, कंडिशनर सढळ हाताने चोपडायचा, डोक्याचे सहा-आठ भाग करून चिमट्यांनी वेगळे ठेवायचे. फणी मोठ्या दातांची, सुरुवात टोकापासून, मग बोट-बोट वर. मुळाकडून ओढली की गुंता खाली सरकून घट्ट बसतो, मग कात्रीशिवाय सुटत नाही. पुसायला टर्किश टॉवेलऐवजी जुना सुती टी-शर्ट घ्यावा. रात्री मात्र सॅटिनचा रुमाल, कारण सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि केस त्याच्यावर घासून तुटतात.

बॉक्स ब्रेड्स म्हणजे डोक्यावर चौकोन पाडून, प्रत्येकात कृत्रिम केस मिसळून घातलेल्या बारीक तिपेडी वेण्या. कमरेपर्यंतच्या हव्या असतील तर सहा-आठ तासांची बैठक आणि केसांची सहा-आठ पाकिटं. तासावर पगार घेणाऱ्या बाईचा अख्खा रविवार त्यात जातो. नव्या पाकिटातल्या केसांवर लेप असतो, त्याने टाळूला खाज सुटते. आदल्या रात्री व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवले की पांढरा थर वर येतो. मग धुऊन, वाळवून वापरायचे. वेण्या झाल्यावर टोकं कढत पाण्यात बुडवली की सुटत नाहीत. पाणी खांद्यावर सांडून भाजण्याचे प्रकार होतात, म्हणून मानेभोवती जाड टॉवेल हवाच.

‘दुखतंय म्हणजे छान बसल्यात’ हा समज खोटा आहे. मुळाशी पुटकुळ्या आल्या किंवा टाळू तंबूसारखी वर ओढलेली दिसली तर त्याच दिवशी सैल करा. सतत ताण पडला की कानशिलांवरचे केस आधी विरळ होतात. वेळीच थांबवलं तर परत येतात. मुळं वणाने बुजली की येत नाहीत. सहा-आठ आठवड्यांत वेण्या उतरवायच्याच.

अवांतर: ड्रेडलॉक्स म्हणजे आपल्याकडची जट नव्हे. यल्लम्माच्या नावाने वाढलेली जट भीतीपोटी सहसा कुणी सोडवत नाही. लॉक्स ठरवून भाग पाडून घडवतात, नियमित धुतात आणि चार-सहा आठवड्यांनी मुळाशी पुन्हा पीळ देतात.

लाय

रिलॅक्सरबद्दल, म्हणजे केस कायमचे सरळ करणाऱ्या रसायनाबद्दल लिहिते. त्याच्या ‘लाय’ प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड असतं, पीएच १२ ते १४. केसाला आकार देणारे गंधकाचे बंध ते कायमचे तोडते. आधी दोन दिवस डोकं धुवायचं नाही, खाजवायचंही नाही. ओरखडा असेल तिथे भाजतं. कपाळाच्या कडेला आणि कानांवर पेट्रोलियम जेली थापायची. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवायचं नाही. शेवटच्या शाम्पूत रंग बदलणारं द्रव्य असतं: फेस गुलाबी म्हणजे अल्कली उरलीय, पांढरा होईतो धुवा. दोन महिन्यांनी मुळाशी नवे केस येतात, तेव्हा फक्त त्यांनाच लावायचं. जुन्यावर पुन्हा लागलं की तिथून तुकडे पडतात.

आपल्याकडच्या पार्लरमध्ये रिबाँडिंगला वापरतात ते बहुधा थायोग्लायकोलेट. ही दोन्ही रसायनं एकाच केसावर कधीही नाही. केस अक्षरशः विरघळतो.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष मांडला. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा अंदाजे धोका १.६४ टक्के, वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण वापरणाऱ्यांत सुमारे ६० टक्के कृष्णवर्णीय होत्या, हे लक्षात घ्या.

गंगावन

पुरवठ्याची बाजू. तिरुपतीला मुंडनात उतरलेले केस लिलावात जातात. एकाच दिशेने कापलेले, केसावरचे सूक्ष्म खवले एकाच बाजूला असलेले, म्हणून महाग. दुसरा माल फणीत निघालेल्या गुंतवळाचा, फेरीवाले घरोघरी फिरून गोळा करतात तो. त्यात मुळं-टोकं उलटसुलट. गुंता होऊ नये म्हणून आम्लात खवले काढतात आणि सिलिकॉनचा मुलामा देतात. दुकानात रेशमासारखा दिसतो, काही धुण्यांत मुलामा उतरतो आणि चटईसारखा होतो. ओळखायचं असेल तर घेण्याआधी एक बट शाम्पूने चार-पाच वेळा धुऊन पाहा.

हे केस पट्टीला शिवून बंडलात विकतात, एका बंडलात साधारण १०० ग्रॅम. पूर्ण डोक्याला तीन लागतात. स्वतःच्या केसांच्या डोक्याला चिकटून वेण्या घालून त्यांवर वाकड्या सुईने पट्टी शिवतात. म्हणजे आपल्या गावातल्या गरीब बाईचं गुंतवळ समुद्रापार दुसऱ्या बाईच्या मुलाखतीसाठी शिवलं जातं. मधला नफा दोघींच्याही हाती नाही.

कलम

केसांवरच्या बंदीची गोष्ट जुनी आहे. १७८६ मध्ये लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने, एस्तेबान मिरोने, कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस झाकावेत असा हुकूम काढला. त्यांनी रुमालच इतके झोकदार बांधले की हुकमाची शोभा झाली.

न्यायालयांची मेख एकच: वंश बदलता येत नाही, वेणी बदलता येते, म्हणून वेणीवरची बंदी हा वंशभेद नाही. अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीविरुद्धच्या १९८१ च्या रॉजर्स खटल्यात हेच झालं. अलाबामातल्या चॅस्टिटी जोन्सला लॉक्स कापायला नकार दिल्यावर नोकरी नाकारली गेली, आणि काम फोनवर बोलण्याचं! २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तिच्याविरुद्धच निकाल दिला.

क्राउन कायदा नेमकं हेच भोक बुजवतो: वंशाशी निगडित केसांचा पोत आणि केशरचना यांना ‘वंश’ या शब्दातच धरतो. कॅलिफोर्नियात ३ जुलै २०१९ ला सही झाली, नंतर अनेक राज्यांत आला. देशपातळीवर प्रतिनिधिगृहाने मार्च २०२२ मध्ये मंजूर केला, सिनेटमध्ये अडला.

कुणाला तक्रार करायची असेल तर: ड्रेसकोड लेखी मागा, तोंडी शेरा ऐकला की त्याच दिवशी ईमेलने ‘आपण असं म्हणालात ना’ असं विचारून ठेवा. केंद्राच्या समान रोजगार संधी आयोगाकडे मुदत घटनेपासून १८० दिवसांची, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तिथे ३००. अंतर्गत चौकशी चालू आहे म्हणून ती थांबत नाही. बरीच प्रकरणं इथेच मरतात.

वायर

एक मुद्दा कुणी काढला नाही: मेंदूचा आलेख, ईईजी. मेंदूतले विद्युतसंकेत टिपणारा इलेक्ट्रोड टाळूला सपाट टेकायला हवा. दाट कुरळे केस त्याला वर उचलतात, रोध वाढतो, आलेखात गोंगाट येतो. मग ‘वेण्या सोडून या’ असं सांगतात. म्हणजे आठ तासांची बैठक आणि मजुरी पाण्यात, किंवा तपासणीच लांबणीवर. कार्नेगी मेलनमधल्या आर्नेल एटिएन या विद्यार्थिनीने २०२० च्या सुमारास उलटा विचार केला. इलेक्ट्रोड जिथे लागतात त्या रेषांवर टाळू उघडी राहील अशा वेण्या घालायच्या, आणि चिमट्यासारखा इलेक्ट्रोड त्या वेण्यांखालीच अडकवायचा.

ज्यांच्या दवाखान्यात हे नाही त्यांनी वेण्या घालायच्या आधी तंत्रज्ञाला फोन करून जागांचा नकाशा मागून घ्यावा. वेणीवालीला तो दाखवला की भांग त्याप्रमाणे पाडता येतात. तेल, जेल काही लावून जायचं नाही, पेस्ट धरत नाही.