जुन्या दगडी चर्चच्या दुरुस्तीला पैसे कसे उभे करायचे?

गोदाकाठची:
सर्वांना जय ख्रिस्त आणि नमस्कार. नाशिकपासून तासाभरावर आमचं गाव, तिथं मिशनच्या काळातलं काळ्या दगडाचं छोटं चर्च आहे, मंगलोरी कौलं, सागवानी तुळया. आजीचं लग्न तिथंच लागलं आणि माझंही. यंदाच्या पावसात इतकं गळलं की भक्ती चालू असताना दोन बादल्या आणि एक पातेलं ठेवावं लागलं, नंतर सुताराने तुळईचं भिंतीत गेलेलं टोक पेचकसाने टोचून बघितलं तर पेचकस मुठीपर्यंत आत. मंडळी जेमतेम ६० घरांची, कुणी द्राक्षबागेत मजुरीला, कुणी सातपूर-अंबडला कंपनीत. कमिटीत कुणी म्हणतं कंपाउंडमधली जागा विका, कुणी म्हणतं पाडून स्लॅबचा हॉल बांधा. मला ते पाडलेलं बघवणार नाही हो. कुणी असं काम केलंय का, सुरुवात कुठून करू?

काळापाषाण:
ताई, पावतीपुस्तक छापायच्या आधी जुन्या वास्तूंचं काम केलेला आर्किटेक्ट आणून लेखी रिपोर्ट घ्या, साधा कॉन्ट्रॅक्टर नको. आमच्या मंडळीने आधी पैसे गोळा केले आणि घाईघाईत दगडी भिंतीला आतून सिमेंटचं प्लास्टर मारलं. जुनी भिंत चुन्यातली, तिच्यातली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटने ती आतच कोंडली आणि दोन पावसाळ्यांत प्लास्टरचे पापुद्रे बाकांवर पडायला लागले, मग तेच खरवडून काढायला पुन्हा वर्गणी. दुसऱ्यांदा मागताना लोकांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. म्हणून आधी छप्पर आणि पन्हाळी, मग तुळया, रंग सगळ्यात शेवटी. मोठा आकडा सांगितला की माणसं घाबरतात, त्यापेक्षा एका तुळईचा खर्च सांगा, एका घराण्याला एक तुळई घेऊ द्या. आणि पाडायचं म्हणणाऱ्यांना मुंबईचं सेंट थॉमस कॅथेड्रल दाखवा, १७१८ पासून उभं आहे आणि दुरुस्तीच्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळालाय.

हिशेबनीस_नाशिकरोड:
मी सीए आहे म्हणून कागदाचं बोलतो. जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, कमिटीने परस्पर व्यवहार केला तर तो टिकणार नाही. पावतीवर ८०जी, म्हणजे देणगीदाराला मिळणारी आयकर सवलत, छापू नका, एकाच धर्मासाठीच्या ट्रस्टला ती सवलत सहसा मिळत नाही, केंद्र सरकारने ऐतिहासिक म्हणून अधिसूचित केलेल्या प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीला मिळते, तुमचं त्यात आहे का ते आधी बघा. परदेशातल्या नातेवाइकांचं पण जपून. भारतीय पासपोर्ट असलेला दुबईतला भाचा स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो, पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेता येत नाहीत, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीत, ऐतिहासिक इमारतींची दुरुस्ती बसते, तिथं अर्ज वारसा म्हणून करा, धार्मिक कार्य म्हणून नको. आणि दुरुस्तीचं खातं वेगळंच ठेवा.

शरणपूरची_मावशी:
बाळ, हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, लिलावाला धर तू. आमच्याकडे एक भोपळा चार वेळा विकला जायचा, घेणारा परत अर्पण करायचा आणि बोली पुन्हा सुरू. यंदाचा लिलाव फक्त छपरासाठी म्हणून जाहीर कर, आणि सगळ्या गावाला बोलाव, नुसत्या आपल्या लोकांना नको. चर्चची गोष्ट त्यांना सांग. आता आमच्या नाशिकमधल्या शरणपूरचंच बघ, गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथं मिशनच्या शाळेत शिकली, त्यातलाच जेकब वेनराईट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शवासोबत इंग्लंडला गेला, हे शेजारच्या कुलकर्णी बाईंना सांगितलं तर त्या रडल्याच, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून पाकीट घेऊन आल्या. तुमच्या चर्चमध्ये कुणाचे बाप्तिस्मे झाले, दुष्काळात कुणाला आसरा मिळाला, जुन्या रजिस्टरात नक्की सापडेल. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर ठेव, ती ऐकायला आपल्यात नसलेले पण येतात.

गोदाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज पाळक साहेबांकडून रजिस्टर मागून घेतलं, पानं चिकटलीत, सावकाश सोडवतेय. आजीच्या लग्नाची नोंद मिळाली, खाली तिचा अंगठा आहे. त्याचा फोटो काढलाय, रविवारी कमिटीपुढे पहिल्यांदा तोच ठेवणार आणि मगच आर्किटेक्टचं बोलणार. काळापाषाण दादा, तुमच्याकडे चुन्याचं काम कुणी केलं त्या गवंड्यांचा पत्ता मेसेज कराल का?