विलमध्ये तरुण वादकांच्या संस्थेला काही ठेवायचंय, कसं लिहू?

गज_मोडला: वय ६४, मूलबाळ नाही, दोन भाचे आहेत आणि त्यांचं छान चाललंय. तरुण वादकांच्या फी भरणारी, त्यांना वाद्यं वापरायला देणारी एक संस्था आहे, तिला माझ्या मागे काहीतरी मिळावं असं वाटतं. शिवाय माझं व्हायोलिन पण. परवा कितीतरी वर्षांनी व्हायोलिनची पेटी उघडली तर गजाचे केस किड्याने खाल्लेले, उचलला तर झुपका हातात आला, तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. रक्कम लिहू की टक्के? आणि फक्त व्हायोलिन शिकणाऱ्यांनाच द्या अशी अट घालता येते का?

कोरा_कागद: ताई, आकडा लिहू नका. आईच्या विलचं सगळं मीच निस्तरलं. तिने २० वर्षांपूर्वी लिहिलेली रक्कम तेव्हा घसघशीत होती, प्रत्यक्ष देताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. देणी, खर्च, भाच्यांचं जे काय ते भागवून उरेल त्याचे अमुक टक्के असं लिहा. आणि संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि नंबर टाका हो, आमच्याकडे सारख्या नावाच्या दोन संस्था निघाल्या आणि ८ महिने नुसती पत्रापत्री. ती बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली तर तशाच कामाच्या संस्थेला द्यावं, हे पण घाला.

पाऊण_साइज: व्हायोलिनचं आधी त्यांना विचारा. वाद्य म्हणजे दुरुस्ती आली, इन्शुरन्स आला, लहान मुलांना तर पूर्ण साइजचं चालतच नाही. गरज नसेल तर विकून पैसे वापरायची मुभा द्या. आतल्या लेबलवरून किंमत धरू नका, स्ट्रॅडिव्हेरियस या जुन्या नामांकित कारागिराचं लेबल चिकटवलेली कारखान्यातली व्हायोलिनं ढिगाने आहेत. जाणकाराला दाखवा, फोटो विलच्या कागदांसोबत ठेवा.

नुसता_श्रोता: मेल्यावर कशाला, आत्ताच द्या की, कोण वाजवतंय ते बघता तरी येईल.

गज_मोडला: @नुसता_श्रोता पेन्शनवर जगते हो, म्हातारपण किती लांबेल काय माहीत 😄 मागे उरेल तेच देऊ शकते.

तिसरी_घंटा: अट नको, "शक्यतो व्हायोलिनसाठी" अशी इच्छा लिहा. नाहीतर एखाद्या वर्षी व्हायोलिनवाला मुलगाच नसला तर पैसे पडून. ऑगस्टस ज्युलियार्ड कापडाचा व्यापारी, १९१९ मध्ये गेला, संगीतासाठी मोठी रक्कम ठेवून, आणि त्या पैशातून १९२४ ला न्यूयॉर्कमध्ये संगीताची शाळा उभी राहिली. उद्देश मोठा ठेवला की पुढच्यांना हात हलवायला जागा राहते. अजून एक, बऱ्याच ठिकाणी दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला काही मिळणार त्यानेच सही केली तर त्याचा वाटा जाऊ शकतो, म्हणून भाच्यांना साक्षीला बसवू नका. काही देशांत जवळच्या वारसांचा हिस्सा कायद्यानेच राखीव असतो, तेवढं वकिलाला विचारा. आणि भाच्यांना आत्ताच सांगून टाका, नंतर कळलं की उगाच मनात राहतं.

गज_मोडला: संस्थेला मेल केला. त्यांचं उत्तर आलं की वाद्य चालेल, गजाचे केस आम्ही बदलून घेऊ. खूश होऊन धाकट्या भाच्याला फोन केला तर तो गप्पच. मग म्हणाला, मावशी, मला ते नकोय हे तू कसं ठरवलंस? पैशाबद्दल चकार शब्द नाही. तेव्हा टक्के संस्थेला नक्की, व्हायोलिनचं रविवारी तो येतोय तेव्हा बघू.