जुन्या अमेरिकन केसेसच्या सायटेशनमध्ये मधल्या कंसात माणसाचं नाव कशाला असतं?

एलएलएमवाली_सोलापूर
नमस्कार मंडळी. दिवसा एका वकील सरांकडं ज्युनिअर आणि रात्री एलएलएमचं डेझर्टेशन, असं चाललंय माझं. विषय आहे कंपनी कायद्याच्या नजरेत 'व्यक्ती' कशी झाली, त्यामुळं अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच केसेस घ्याव्या लागल्या आणि तिथंच घोळ झालाय. डार्टमाऊथ कॉलेजच्या केसचं सायटेशन (म्हणजे निकाल कुठल्या खंडात, कितव्या पानावर छापलाय तो पत्ता) मला एका पुस्तकात "४ व्हीट. ५१८" असं सापडलं आणि एका वेबसाइटवर "१७ यू.एस. ५१८" असं, मला वाटलं एकाच कॉलेजच्या दोन केसेस असतील, खालचं कोर्ट वरचं कोर्ट वगैरे, म्हणून मी केसेसच्या यादीत दोन्ही टाकल्या, एक वरती आणि एक दीड पान खाली. गाइड सरांनी दोन्हीला लाल पेनानं गोल केलाय, मधे बाण काढलाय आणि लिहिलंय "ही जुळी भावंडं कुठून आली?" आता तिसऱ्या ठिकाणी बघते तर "१७ यू.एस. (४ व्हीट.) ५१८ (१८१९)" असं सगळं एकत्रच आहे. हे व्हीट. म्हणजे कोण, जज का? कुठं क्रँच, कुठं हाऊ., कुठं वॉल. अशी नावं येतात आणि १८७५ नंतर एकदम गायबच होतात. निकाल छापणारी आपली ए.आय.आर., एस.सी.सी. कळतात हो, हे काय प्रकरण आहे? सोमवारी दुरुस्त करून द्यायचंय, कुणीतरी सांगा प्लीज.

पार्कचौक
ताई, जज नाही, रिपोर्टर. म्हणजे कोर्टात बसून निकाल गोळा करणारा, छापणारा आणि विकणारा माणूस. सुरुवातीला हा सगळा धंदा खासगीच होता. अलेक्झांडर डॅलस नावाच्या फिलाडेल्फियाच्या वकिलानं सुरू केलं, त्याचे ४ खंड, मग विल्यम क्रँच ९, हेन्री व्हीटन १२, रिचर्ड पीटर्स १६, बेंजामिन हॉवर्ड २४, जेरेमाया ब्लॅक नुसते २ आणि शेवटी जॉन विल्यम वॉलेस २३. खंड त्या माणसाच्या नावानं ओळखला जायचा, आपल्याकडं चादर कारखानदाराच्या नावानं मागतात तसं. नवीन माणूस आला की आकडा परत १ पासून.

१८७४ मध्ये तिकडच्या काँग्रेसनं निकाल सरकारी खर्चानं छापायला पैसे मंजूर केले, मग ठरलं की आता माणसाचं नाव नको, "यू.एस. रिपोर्ट्स" म्हणून सलग नंबर द्यायचा. आणि मागच्या सगळ्या खंडांनाही उलटे जाऊन नंबर दिले. वरच्यांची बेरीज करून बघा, ९० येते, म्हणून सरकारी पहिला खंड ९१ नंबरचा. पानांचे आकडे मात्र तेच ठेवले, त्यामुळं तुमच्या दोन्ही सायटेशनमध्ये ५१८ सारखंच आहे. तिथंच तुम्हाला शंका यायला पाहिजे होती 🙂

एक सोपी युक्ती सांगतो, मी डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलीय. क्रँच असेल तर ४ मिळवा, व्हीटन १३, पीटर्स २५, हॉवर्ड ४१, ब्लॅक ६५, वॉलेस ६७. डॅलसला काही मिळवायचं नाही. म्हणजे ४ व्हीटन अधिक १३, झाले १७ यू.एस. तुमच्या विषयातलीच बँक ऑफ ऑगस्टा विरुद्ध अर्ल घ्या, १३ पीटर्स ५१९, म्हणजे ३८ यू.एस. ५१९. असं उलटसुलट करून बघितलं की जुळी भावंडं लगेच सापडतात, यादीत अजून एखादी जोडी असणार बघा.

कडकभाकरी
म्हणजे केशवानंद भारतीला एआयआर १९७३ एससी १४६१ आणि (१९७३) ४ एससीसी २२५ अशा दोन केसेस धरून यादी वाढवल्यासारखं झालं की बे 😂 माझ्या रूममेटनं मूट कोर्टात (कॉलेजातला लुटुपुटीचा खटला) हेच केलं होतं आणि वर जजला सांगितलं की दोन्ही निकाल माझ्याच बाजूनं आहेत.

जुना_ग्रंथपाल
पार्कचौक यांनी बरोबर सांगितलंय, थोडी भर घालतो. मी बार लायब्ररीत बरीच वर्षं काढली, पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत वाचतच हे डोक्यात बसलं.

पहिली गंमत म्हणजे डॅलसचा पहिला खंड, ज्याला आता १ यू.एस. म्हणतात, त्यात सुप्रीम कोर्टाचा एकही निकाल नाही. सगळे पेनसिल्व्हेनियातल्या कोर्टांचे. तो १७९० मध्ये छापला, तेव्हा सुप्रीम कोर्ट नुकतंच बसायला लागलं होतं, तेही न्यूयॉर्कात. नंतर कोर्ट फिलाडेल्फियाला आलं तेव्हा डॅलसनं दुसऱ्या खंडापासून तेही घेतलं. राजधानी वॉशिंग्टनला गेली तसं त्याचं ते काम सुटलं, चौथा खंड तर १८०७ मध्ये आला. निकाल लागायचा एका साली आणि वकिलाच्या हातात पडायचा कितीतरी वर्षांनी. क्रँच तर स्वतः वॉशिंग्टनच्या कोर्टात जज होता आणि जोडीला हे काम करायचा.

व्हीटनच्या वेळेला १८१७ मध्ये कायदा झाला, वर्षाला १००० डॉलर पगार, त्या बदल्यात सरकारला ८० प्रती द्यायच्या. तेवढ्यात काय भागतंय, पुस्तकं विकून जे मिळेल ते मिळेल. त्याचे खंड टिपणांनी भरलेले, अभ्यासू माणूस, पण महाग. त्याच्यामागून आलेल्या पीटर्सनं काय केलं, आधीच्या सगळ्या रिपोर्टरांचे निकाल आटोपशीर करून स्वस्तात छापायला काढले. टिपणं गेली, वकिलांची भाषणं गेली, निकाल तेवढे राहिले. मग व्हीटनचे जुने खंड कोण घेतंय? तो कोर्टात गेला, माझा कॉपीराइट म्हणून. १८३४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कोर्टाच्या लेखी निकालांवर कुठल्याही रिपोर्टरचा कॉपीराइट नाही, असूच शकत नाही. रिपोर्टरनं स्वतः जे लिहिलं तेवढ्यापुरता वाद खाली परत पाठवला.

आता ती केस कुठं छापली आहे बघा. ३३ यू.एस. (८ पीट.) ५९१. म्हणजे पीटर्सच्याच खंडात, जिंकलेल्या पार्टीनं स्वतः छापलेली 🙂 व्हीटनला ते पान विकत घेताना काय वाटलं असेल.

एलएलएमवाली_सोलापूर
काका, हे लै भारी आहे, खूप आभार. बेरीज करून बघितली आणि अजून एक जोडी सापडली, लेटसनची केस, २ हाऊ. ४९७ आणि ४३ यू.एस. ४९७. म्हणजे सरांनी ती बघितलीच नव्हती 🙈

अजून दोन शंका. पॉल विरुद्ध व्हर्जिनिया एका पुस्तकात १८६८ आणि दुसऱ्यात १८६९ लिहिलीय, खरं कुठलं? आणि "६० मास. (६ कुश.) २९२" असं काहीतरी एका तळटीपेत आहे, हा कुशिंग सुप्रीम कोर्टाच्या यादीत कुठंच बसत नाही, किती मिळवायचे त्याला?

पार्कचौक
कुशिंगला काही मिळवू नका, तो मॅसॅच्युसेट्सचा आहे. राज्यांच्या वरच्या कोर्टांतही हीच पद्धत होती, तिथं पिकरिंग, मेटकाफ, कुशिंग, ग्रे, ॲलन अशी माळच आहे आणि त्यांनीही पुढं सलग नंबर दिले. म्हणून ६० मास. वेगळं आणि ६० यू.एस. वेगळं, ६० यू.एस. म्हणजे १९ हॉवर्ड, ज्यात गुलामगिरीची ती कुप्रसिद्ध ड्रेड स्कॉटची केस आहे. तुमची ती ब्राऊन विरुद्ध केंडल असणार, भांडणाऱ्या कुत्र्यांना काठीनं सोडवताना मालकानं काठी मागं घेतली आणि मागं उभ्या माणसाच्या डोळ्याला लागली ती. कंपनीशी तिचा काय संबंध, तळटीप एकदा तपासा.

न्यूयॉर्कची केस घेणार असाल तर अजून एक सांभाळा, तिथं 'सुप्रीम कोर्ट' हे सगळ्यात वरचं कोर्ट नाही, वरचं ते कोर्ट ऑफ अपील्स. नाव बघून फसतात लोक.

वर्षाचं असं की जुने खंड टर्मप्रमाणं, म्हणजे कोर्टाच्या सत्राप्रमाणं छापलेत, पानावर "डिसेंबर टर्म १८६८" असं असतं, पण ती टर्म सुरू व्हायची एका साली आणि निकाल पडायचा पुढच्या. पॉलचा निकाल १८६९ चा आहे, ज्यानं १८६८ लिहिलं त्यानं टर्म लिहिली. ड्रेड स्कॉटचंही तसंच, टर्म १८५६ ची, निकाल मार्च १८५७ चा. हल्ली निकालाचं वर्ष लिहितात. सुप्रीम कोर्टाच्या वेबसाइटवर जुन्या निकालांच्या तारखांची यादी आहे आणि खंड लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट दिसतात, स्कॅन केलेलं पान स्वतः उघडून बघा, दुसऱ्याच्या तळटीपेवरून उचलू नका.

जुना_ग्रंथपाल
एक सांगायचं राहिलं. १८७५ म्हणजे आपल्याकडंही तेच साल. इंडियन लॉ रिपोर्ट्सचा कायदा १८७५ चा आणि १८७६ पासून आय.एल.आर. सुरू. रखमाबाईंची केस आपण ९ बॉम्बे ५२९ म्हणून सांगतो, टिळकांची १८९७ ची २२ बॉम्बे ११२. त्याच्या आधीचं बघाल तर प्रिव्ही कौन्सिलची (इंग्रजांच्या काळातलं लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट) अपिलं "मूर" म्हणून, म्हणजे माणसाच्याच नावानं. गाइड सरांना आवडेल असं वाटतं, एक ओळ टाका.

तळटीप_वाचणारा
उशिरा आलोय पण विषय 'कंपनी व्यक्ती' म्हणालात म्हणून विचारतो, सांता क्लारा काउंटी विरुद्ध सदर्न पॅसिफिक रेलरोड घेतलीय ना? ११८ यू.एस. ३९४, १८८६. त्यातलं ते प्रसिद्ध वाक्य, चौदावी घटनादुरुस्ती (प्रत्येक व्यक्तीला कायद्याचं समान संरक्षण देणारी) कंपन्यांनाही लागू आहे असं आम्हा सगळ्यांचं मत आहे, ते तुम्ही कोर्टाचं म्हणून कोट केलं असेल तर थांबा.

ते निकालात नाहीच. मुख्य न्यायाधीश वेट यांनी युक्तिवाद सुरू व्हायच्या आधी तोंडी सांगितलेलं, की या मुद्द्यावर आम्हाला ऐकायचं नाही. निकाल लागला तो रेल्वेच्या कुंपणाच्या कर आकारणीवर, घटनेच्या प्रश्नाला हातच लावला नाही. ते तोंडी वाक्य छापायचं का, हे रिपोर्टर बँक्रॉफ्ट डेव्हिसनं पत्र लिहून वेट यांना विचारलं, त्यांनी तुमचं तुम्ही ठरवा म्हणून सांगितलं आणि डेव्हिसनं ते निकालाच्या वरती टाकलं. हे डेव्हिस एकेकाळी स्वतः एका रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते, बाकी काय ते तुम्ही समजा. म्हणजे रिपोर्टरचं नाव पुठ्ठ्यावरून गेलं पण त्याचा हात गेला नव्हता. पुढं १९०६ मध्ये, २०० यू.एस. ३२१, कोर्टानंच सांगितलं की हेडनोट, म्हणजे निकालाच्या वरती छापलेला सारांश, हा कोर्टाच्या निकालाचा भाग नाही, ते रिपोर्टरचं काम.

आपल्या कोर्टातही ज्युनिअर मंडळी उभी राहून हेडनोट वाचतात आणि साहेब विचारतात, पॅरा कुठला? तेच हे.

कडकभाकरी
ताई आता गेली कामातून 😂

एलएलएमवाली_सोलापूर
झालं. दुसऱ्या प्रकरणाची सुरुवातच त्या वाक्यानं आहे, जाड अक्षरात, खाली "अमेरिकन सुप्रीम कोर्ट, १८८६". आत्ता स्कॅन उघडून बघितलं, वाक्य आहे ३९६ पानावर, आणि निकाल न्यायमूर्ती हार्लन यांचा, तो त्याच्यानंतर सुरू होतो. मी कधी खाली गेलेच नव्हते, वरचं कॉपी केलं आणि पुढं.

आता वाक्य काढत नाही, खालची ओळ बदलतेय, "मुख्य न्यायाधीश वेट यांचं तोंडी विधान, रिपोर्टर डेव्हिस यांनी छापलेलं", आणि डेव्हिसच्या पत्राचं त्याच्यामागं घालते, तसं पाहिलं तर प्रकरणाला तेच जास्त शोभतंय. कुशिंगची तळटीप उडवली, कुत्र्यांची केस माझ्याकडं कशी आली देव जाणे. प्रिंट रविवारी संध्याकाळी मारणार आहे, सात रस्त्याकडं स्पायरल बाइंडिंगचं दुकान रविवारी उघडं असतं का कुणाला माहितीये?