जिप्सी १.३: कॅमशाफ्ट बदलायचा, तर स्प्रिंगही बदलायच्या का?

घाटवळण:
माझी जिप्सी १२९८ सीसीची, सोळा व्हॉल्व्हची, एमपीएफआय (इंधन इंजेक्शनवाली) आहे. दोन व्हॉल्व्ह सीटवर (बसण्याच्या कड्यावर) नीट बसत नसल्यामुळे कॉम्प्रेशन गळत होते, म्हणून हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवले आहे. हेड उघडलेच आहे, तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ग्राइंड करून त्याचे ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडे राहण्याचा काळ, वाढवावे आणि सोबत व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या कडक स्प्रिंग व टायटॅनियमचे रिटेनर (स्प्रिंग धरणाऱ्या टोप्या) घालावेत, असे एका परिचिताचे म्हणणे आहे. गाडी बहुतेक वेळ सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर चालते. यातले नेमके काय घ्यावे?

जुना फिलरगेज:
आधी कॅम ठरवावा, स्प्रिंग त्याच्या मागून येते. या इंजिनाचा १०३ न्यूटन-मीटर टॉर्क मुळातच ४५०० आरपीएमला मिळतो; ड्युरेशन वाढवले की तो आणखी वर सरकतो, आणि चढावर पहिल्या गिअरमध्ये दगडांवरून सावकाश गाडी काढताना जी ताकद लागते, नेमकी तीच कमी होते. शिवाय व्हॅक्यूम घटल्याने आयडलिंग बिघडते. मूळ कॅमचे लोब (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) झिजले नसतील, तर तोच ठेवावा. त्या कॅमवर कडक स्प्रिंग घातली, तर व्हॉल्व्ह फ्लोट (जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह वेळेत बंद न होणे) जिथे होतच नव्हता तिथे ती काही वाचवत नाही, उलट लोब आणि रॉकर (लोबची हालचाल व्हॉल्व्हला देणारी पट्टी) लवकर खाते. टायटॅनियमचे रिटेनर रेसच्या गाडीला शोभतात.

तेलकट हात:
कॅम ग्राइंड करून घेण्याची चूक मी करून बसलो आहे. ग्राइंड केलेल्या कॅमचे बेस सर्कल (लोबखालचा गोल भाग) लहान होते. त्यामुळे टॅपेटची फट जुळवताना रॉकरचा स्क्रू व्हॉल्व्हच्या बाजूला बराच पुढे काढावा लागला. व्हॉल्व्हच्या स्टेमच्या (दांडीच्या) टोकाला मार्करची शाई लावून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवले, तेव्हा घासल्याची खूण मध्यावर न उमटता एका कडेला उमटली. तरीही मी तसेच चालवले आणि वर्षभरात गाइड (स्टेम ज्यात सरकते त्या नळ्या) ढिले झाले. कॅम बदलणारच असाल, तर पिस्टनवर प्लास्टिसीन (मऊ माती) ठेवून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधले अंतर मोजा: इनटेकला साधारण २ आणि एक्झॉस्टला २.५ मिमी तरी हवे.

घाटवळण:
मग मूळ कॅमच ठेवतो. पण जुन्या स्प्रिंग चालतील का?

जुना फिलरगेज:
प्रत्येक स्प्रिंग सपाट पृष्ठभागावर उभी करून गुण्या लावून पाहा; वाकलेली किंवा इतरांपेक्षा बुटकी दिसली, तर मूळ मापाचा पूर्ण संच घ्या, एक-दोन सुट्या घेऊ नका. सीट कापल्यावर व्हॉल्व्ह वर सरकतो आणि स्प्रिंगची बसण्याची उंची वाढून दाब कमी होतो, म्हणून ती उंची मोजून गरजेपुरती शिम (पातळ चकती) घालायला मशीन शॉपवाल्यांना सांगा. स्टेम सील (स्टेमवरून उतरणारे तेल अडवणारे) मात्र न विचारता नवीनच घाला, आणि गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलवून पाहिल्याशिवाय सीट कापू देऊ नका, कारण ढिल्या गाइडच्या आधाराने कापलेली सीट मध्यावर येत नाही.