विषय: घरून काम करायला जागा – गेस्टरूम की बेसमेंट?

नमस्कार मंडळी,

आपल्या न्यू जर्सीच्या मंडळाच्या ईमेल लिस्टवर पहिल्यांदाच लिहितेय, गेल्या गणपतीत मसालेभाताच्या काउंटरला होते ती मी. एच-४ ईएडी (एच-१ व्हिसावाल्याच्या जोडीदाराला मिळणारं वर्क परमिट) हातात आलं आणि सबटायटलिंगची फ्रीलान्स कामं घ्यायला लागलेय, एक क्लायंट पुण्याचा, दोन इकडचे. सध्या डायनिंग टेबलावर बसते, म्हणजे जेवायच्या वेळी सगळं उचलायचं, जेवण झालं की पुन्हा मांडायचं, संध्याकाळपर्यंत मान आखडून जाते. वरच्या गेस्टरूममध्ये छान उजेड आहे पण मे ते ऑक्टोबर सासू-सासरे येताहेत. खाली फिनिश्ड बेसमेंट आहे, तिथे कॅरम, ट्रेडमिल आणि मंडळाचं मखर (हो, तीन वर्षं आमच्याकडेच आहे!). नवरा म्हणतो गेस्टरूममध्येच टाक टेबल, सहा महिन्यांचाच तर प्रश्न. बजेट ६०० डॉलर, खुर्ची धरून. काय करू?

– एडिसनहून

*

पुन्हा: गेस्टरूम की बेसमेंट?

पोरी, जागा ठरवायच्या आधी टॅक्सचं बघ. होम ऑफिसचं डिडक्शन (टॅक्समधली वजावट) मिळायला ती जागा नेहमी आणि फक्त कामासाठीच वापरात पाहिजे. वेगळी खोलीच हवी असं नाही, कोपरा चालतो, पण त्या कोपऱ्यात दुसरं काही नको. गेस्टरूममध्ये जितके महिने कोणी झोपणार तितके महिने विसर. सोपी पद्धत म्हणजे स्क्वेअर फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० स्क्वेअर फूट. १० बाय १२ चा भाग धरलास तर वर्षाचे ६०० डॉलर, तुझं बजेटच की! पण त्यात कॅरम येता कामा नये, रविवारी मुलं खेळली की संपलं.

आणि फ्रीलान्सवाल्यांना पगारातून कोणी टॅक्स कापत नाही, वर १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स वेगळा. दर तिमाहीला भरायचा नसेल तर नवऱ्याला सांग पगारातून थोडं जास्त विथहोल्डिंग (टॅक्सकपात) कर म्हणून, दोघांचं जॉइंट रिटर्न असेल तर तेवढ्यात भागतं. बाकी मंडळींना सूचना, एच-१ व्हिसावर असाल तर असले साइडचे उद्योग करू नका, गेल्या पिकनिकला एकजण मला विचारत होता.

– काका

*

पुन्हा: पुन्हा: गेस्टरूम की बेसमेंट?

काकांनी हिशोब सांगितला, मी राहणीचं सांगते, ब्रिजवॉटरला सहा वर्षं बेसमेंटमधूनच काम करतेय.

अगं पहिल्यांदा रेडॉन तपास. हा वायू जमिनीतून येतो, वास नाही रंग नाही, आणि इकडे सिगरेटच्या खालोखाल फुफ्फुसाच्या कॅन्सरचं कारण हाच. आमच्या सॉमरसेट, मॉरिस, हंटरडन काउंट्यांत जास्त, पण तुमच्याकडे नसेलच असं कोणी सांगू शकत नाही. कपडे धुवायला दहा मिनिटं खाली जाणं वेगळं आणि रोज आठ तास बसणं वेगळं. हार्डवेअरच्या दुकानात किट मिळतं, १२ तास आधीपासून दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, किट काही दिवस ठेवून लॅबला पाठवायचं. आकडा ४ किंवा वर आला तर पाइप आणि पंखा बसवून घ्यावा लागतो. आमचा ७ आला होता, पंखा बसवल्यावर १ च्या खाली गेला.

दुसरं दमट हवा. जुलैत डीह्युमिडिफायर नसेल तर पुठ्ठ्याची खोकी मऊ पडतात, मखराचं काय झालं असेल ते बघूनच घे. ५० टक्क्यांच्या खाली ठेव. थंडीत पाय गारठतात म्हणून लोक हीटर लावतात, पण तो एकटाच १५०० वॅट खातो, त्याच लाइनवर लेझर प्रिंटर लावलास की ब्रेकर पडलाच. आणि हीटर एक्स्टेंशनवर कधीच नको. मी आपली जाड सतरंजी टाकलीय पायाखाली.

वायफाय खाली रडतं. टीव्हीची जुनी कोअ‍ॅक्स केबल खाली आली असेल तर मोकाचे (त्याच केबलमधून इंटरनेट नेणारे) दोन अ‍ॅडॅप्टर घे, भिंत न फोडता तारेचं इंटरनेट मिळतं.

आणि एक कोणी सांगत नाही, टेबल किचनच्या बरोब्बर खाली मांडू नकोस! माझं आधी तिथेच होतं. वर सासूबाई खलबत्त्यात शेंगदाण्याचा कूट करायच्या आणि खाली माझ्या कॉलवर क्लायंट विचारायचा, तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का. तुझं तर कामच कानाचं. इकडे सकाळी साडेआठला पुण्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात (नोव्हेंबरात घड्याळ बदललं की सात), म्हणजे कॉल तेव्हाच आणि वर कुकर-मिक्सर पण तेव्हाच. लिव्हिंगरूमखालचा कोपरा पकड.

– ब्रिजवॉटरवाली ताई

*

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: गेस्टरूम की बेसमेंट?

वहिनी, खुर्ची नवी घेऊ नका. ऑफिसं बंद होतात तेव्हा सामान विकणारी गोदामं असतात तिथे चांगल्यातल्या खुर्च्या अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात. एरॉन (हर्मन मिलरची ऑफिसची खुर्ची) मिळाली तर पाठीच्या वरच्या कडेला मागून हात लावून बघा, उठावाचे ठिपके असतात, एक म्हणजे लहान, दोन मध्यम, तीन मोठी. मी न बघता तीनवाली आणली, आता तिच्यात मी आणि मुलगा दोघं बसतो. आणि टेबल इथे सगळी साधारण २९-३० इंची, आपल्या बायकांना उंचच पडतात, खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात. बायकोने पूजेचा जुना पाट घेतलाय पायाखाली, आईला सांगितलेलं नाही.

– पार्सिपनीहून

*

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: गेस्टरूम की बेसमेंट?

मंडळी, खूप आभार, पाच आठवड्यांनी लिहितेय कारण किटचा रिझल्ट येईपर्यंत थांबले होते. १.८ आला, हुश्श. लिव्हिंगरूमखाली १० बाय १० चा कोपरा घेतला, फरशीवर निळी टेप लावून हद्द आखलीय, मुलगी टेपवर उभी राहून विचारते आत येऊ का. कॅरम टेपच्या बाहेर. खुर्ची दोन ठिपक्यांची, २६० डॉलर. टेबल डायनिंगचंच जुनं. डीह्युमिडिफायर आणि मोका धरून ५८५ झाले. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे (जवळचं बघायला काचेचा खालचा भाग) म्हणून मॉनिटर जरा खाली घेतला, पहिले दोन दिवस मान मागे टाकून वाचत होते आणि दोष खुर्चीला देत होते.

पाट मात्र आमच्याकडे एकच आहे आणि तो सासूबाईंचा, तेव्हा सध्या पायाखाली जाडजूड डिक्शनरी.

राहता राहिलं मखर. एका बाजूला बुरशी लागलीय पण पुसून निघेल. टेपच्या आत आहे, काकांच्या नियमाने चालणार नाही! कोणाचं गॅरेज कोरडं आणि रिकामं असेल तर शनिवारी घेऊन जा, मिनीव्हॅन लागेल, चहा-पोहे आमच्याकडे.

– एडिसनहून