मधमाश्या घटताहेत, मग परागीभवन यंत्रांवर सोपवायचं का?

माळरान:
मधमाश्या कमी होत असल्याची बातमी आली की पाठोपाठ परागीभवन करणाऱ्या ड्रोनची बातमी येतेच. 2017 साली जपानमध्ये एजिरो मियाको यांच्या गटाने छोट्या ड्रोनला घोड्याचे केस आणि चिकट जेल लावून लिलीच्या फुलांवर पराग पोचवले. 2020 मध्ये साबणाचे फुगे वापरून नासपतीवरही प्रयोग झाला. संशोधन म्हणून कौतुकच आहे. पण मधमाशीला पर्याय म्हणून याला माझा ठाम विरोध आहे. कीटकनाशकं, उजाड झालेली रानं, मधमाश्यांवर जगणारा वरोआ हा सूक्ष्म परजीवी कोळी ही कारणं तशीच राहतात आणि पैसा भलतीकडे जातो.

गणिती:
ठाम विरोध पटला नाही. हरितगृहातल्या टोमॅटोचं फूल थरथरल्याशिवाय पराग नीट सुटत नाहीत. फूल थरथरवणाऱ्या पाळलेल्या बंबलबी (जाडजूड, केसाळ मधमाश्या) 1980 च्या दशकाच्या अखेरीस मिळू लागल्या, त्याआधी माणसं कंपन करणारी कांडी घेऊन झाडाझाडाला फिरायची. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर बंबलबी आणायला परवानगी नाही. तिथल्या उत्पादकाने काय करायचं? आणि व्हॅनिला? 1841 मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या गुलामगिरीतल्या मुलाने हाताने परागीभवन करायची युक्ती शोधली, तेव्हापासून बहुतेक व्हॅनिला माणसाच्या हातांनीच फळते.

माळरान:
टोमॅटोचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बंबलबी मिळताच कांड्या मागे पडल्या ना? तेलताडाचंही, म्हणजे पामतेलाच्या झाडाचंही, तेच. मलेशियात मजूर लावून हाताने परागीभवन करत. 1981 मध्ये आफ्रिकेतला सोंडकिडा आणून सोडला, मजुरी वाचली आणि फळधारणाही सुधारली. जिथे कीटक मिळाला तिथे माणसाने यंत्र आपणहून खाली ठेवलंय.

फुलोरा:
दोघंही पिकांबद्दलच बोलताय. जगात पाळीव मधमाश्यांच्या पेट्या गेल्या काही दशकांत वाढल्याच आहेत. खरी काळजी रानटी जातींची. मधमाशीच्या कुळात सुमारे 20,000 जाती, त्यातल्या बऱ्याचशा एकेकट्या राहणाऱ्या, जमिनीत बिळं करणाऱ्या. त्यांना ना पेटी, ना मालक. सपुष्प रानटी वनस्पतींपैकी जवळपास 90 टक्के कमी-अधिक प्रमाणात कीटक-पक्ष्यांच्या परागीभवनावर अवलंबून आहेत. डोंगरउतारावरच्या झुडपासाठी ड्रोन कोण पाठवणार?

गणिती:
रानाबद्दल मान्य. पण ऐन फुलोऱ्यात थंडी-पावसाची झड लागली की मधमाश्या पेटीबाहेर पडत नाहीत. किवीच्या बागांत साठवलेला पराग फवारतात, तशी सोय इतर बागायतदारांनाही हवी. एक हंगाम हुकला की वर्षाचं उत्पन्न जातं.

माळरान:
अडीअडचणीला ठेवा की! पण फुलोऱ्यात फवारणी न करणं, बांधावर फुलझाडं राखणं याला कुठलं यंत्र लागतं? युरोपीय संघाने 2018 मध्ये मधमाश्यांना घातक अशा निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आधी हे सगळीकडे व्हायला हवं.

गणिती:
आणि मग 2020 मध्ये फ्रान्समधल्या साखरबीटवर मावा ही कीड आली, तिने पसरवलेल्या विषाणूने पीक पिवळं पडलं आणि सरकारला अशा कीटकनाशकांना तात्पुरती सूट द्यावी लागली. बंदी जरूर आणा, पण माव्याचं काय करायचं तेही शेतकऱ्याला त्याच दिवशी सांगा.