सांगलीत हॉस्पिटलचं रेफरलचं काम घेतलंय, जत-आटपाडी साईडला 'कट किती' विचारतात, काय करावं?

प्रश्न – नवीन फिल्डवाला, सांगली
नमस्कार मंडळी. मी आधी एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) होतो, आता मिरज रोडवरच्या एका मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटलात रेफरल रिलेशनचं काम धरलंय, म्हणजे तालुक्याच्या जीपींना (जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या गावाकडच्या डॉक्टरांना) भेटायचं, आमच्याकडं कोणते कन्सल्टंट आहेत ते सांगायचं आणि त्यांचे पेशंट आमच्याकडं यावेत हे बघायचं. एरिया मिळालाय कवठेमहांकाळ, जत आणि आटपाडी. अडचण अशी की दोन वाक्यं बोलून होईपर्यंत समोरनं विचारणा येते, तुमच्यात किती टक्के? म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दलचं कमिशन, त्यालाच कट म्हणतात. सगळेच नाही विचारत, पण बरेच. मॅनेजमेंटनं मला स्पष्ट सांगितलंय की एक रुपया द्यायचा नाही आणि मलाही ते पटतंय, कारण तो पैसा शेवटी पेशंटच्याच बिलात घुसतो आणि आमच्या भागातला माणूस बैल विकून बिल भरतो हे मी घरात बघितलंय. पण मग डॉक्टरनं माझ्याकडंच का पाठवावं? डायरी, पेन, कॅलेंडर घेऊन फिरून काय होत नाही. जे या लाईनीत आहेत त्यांनी मनापासून सांगा.

उत्तर – सातारकर, याच लाईनीत बरीच वर्षं
पहिलं हे डोक्यात पक्कं ठेवा की कट देणं-घेणं ही 'पद्धत' नाही, डॉक्टरसाठी ते नियमानं गैरवर्तनच धरलंय. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या आचारसंहितेत 6.4 कलम आहे, पेशंट पाठवल्याबद्दल गिफ्ट, कमिशन, बोनस काहीही द्यायचं नाही, मागायचं नाही आणि घ्यायचं नाही. 2023 ला नवीन नियम आले होते पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले, म्हणजे 2002 चेच चालू आहेत. आपल्या राज्यात 2017 ला कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांची समिती पण नेमली होती, म्हणजे सरकारला हे माहीत नाही असं नाही. डॉक्टरनं विचारलं तर वाद घालू नका, तोंड पण वाकडं करू नका, साधं सांगा की सर आमच्याकडं ते नाही, पण तुमच्या पेशंटचं काय झालं हे तुम्हाला त्याच दिवशी कळेल ही माझी जबाबदारी. निम्मे तिथंच विषय बदलतात. राहिलेल्यांचा नाद सोडा.

आणि एरिया नीट समजून घ्या. जतच्या पूर्वेकडचा, उमदी वगैरे भागातला पेशंट विजापूरला जातो कारण त्याला ते जवळ पडतं, आटपाडीवाला पंढरपूर-सोलापूरकडं पण वळतो. त्याला ओढून मिरजेला आणायचं टार्गेट घेऊ नका, इमर्जन्सीत तर अजिबात नाही. जवळ सोय असेल तर तिकडंच जाऊ दे.

उत्तर – जत तालुक्यातला जीपी
मी पलीकडच्या बाजूचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्याकडं दर आठवड्याला कुणी ना कुणी फिल्डवाला येतो, ब्रोशर देतो, नवीन कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करायची खोली) सांगतो आणि जातो. मला कॅथलॅबचा फोटो नको. मला काय पाहिजे सांगतो. मी पेशंट पाठवला की तो माझ्यासाठी गायब होतो, आणि आठ-दहा दिवसांनी त्याचा भाऊ दवाखान्यात येऊन विचारतो, डॉक्टर ह्या गोळ्या अजून किती दिवस खायच्या, आणि मला माहीतच नसतं की हृदयाच्या नळीत स्टेंट (जाळी) टाकलाय. आता गावाकडचा माणूस छातीत दुखायचं थांबलं की गोळ्या बंद करतो, महागात पडतात म्हणून. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन माणूस जाऊ शकतो. त्याला अडवणारा तिथं मीच आहे, तुमचा कार्डिओलॉजिस्ट नाही, मग डिस्चार्जचा कागद माझ्याकडं यायला नको का? नुसता व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तरी चालेल, नाव झाकून पाठवायची गरज नाही, पेशंट माझाच आहे, फक्त पेशंटला विचारून पाठवा आणि ग्रुपवर टाकू नका.

दुसरं, रात्री दोनला उचलला जाणारा एक नंबर द्या. रिसेप्शनचा नको, ज्याला ईसीजीचा फोटो बघून 'पाठवा' किंवा 'आमच्यात आत्ता होणार नाही' असं सांगता येतं त्याचा. लकव्याच्या पेशंटला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासाच्या आत द्यावं लागतं, जतहून मिरजेला यायलाच दोन तास, आणि तुमच्यात येऊन कळलं की सीटी मशीन बंद आहे तर त्या माणसाचा हात कायमचा गेला. मशीन बंद असेल, न्यूरोसर्जन गावाला गेला असेल, आयसीयू भरलं असेल तर त्या दिवशी आम्हाला आपणहून कळवा. असं कळवणाऱ्याकडं मी पुढच्या वेळी डोळे झाकून पाठवतो.

तिसरं म्हणजे, तुमच्या ड्यूटी डॉक्टरांना सांगा, नातेवाईकांसमोर 'इतके दिवस तिकडं काय करत होता, उशीर केला' असं बोलू नका. एका मोठ्या हॉस्पिटलात माझ्या पेशंटसमोर असं बोलले, मी तिकडं पाठवणं बंद केलं, कमिशन दिलं असतं तरी बंदच केलं असतं. आणि बीपी-शुगर कंट्रोलमध्ये आली की पेशंट परत आमच्याकडं पाठवा, दर महिन्याला जतहून मिरजेला बोलवू नका, त्याची रोजंदारी बुडते आणि येणं-जाणं वेगळं.

उत्तर – आरोग्यमित्र, मिरज
सरकारी योजनेतल्या पेशंटना हॉस्पिटलात मदत करायचं माझं काम, म्हणून योजनेचं मी सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, पण हॉस्पिटल योजनेत आहे म्हणजे सगळे विभाग योजनेत असतात असं नाही! जीपींना हेच कुणी सांगत नाही. पेशंट 'फुकट होणार' म्हणून येतो आणि काऊंटरवर कळतं की ही सर्जरी इथं योजनेत नाही, मग शिव्या जीपी खातो. तुम्ही प्रत्येक डॉक्टरला आपल्यात कोणते विभाग योजनेत आहेत ते कागदावर लिहून द्या. रेशनकार्ड आणि आधार बरोबर आणायला सांगा. इमर्जन्सीत मात्र कागदांसाठी पेशंट थांबवून ठेवू नका, फोनवरून मंजुरी घेऊन उपचार चालू करता येतात, कागद नंतर जोडता येतात. अथणी-चिकोडीकडचा कर्नाटकचं कार्ड असलेला पेशंट असेल तर निघायच्या आधीच हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राशी बोलून घ्या.

नवीन फिल्डवाला
सगळ्यांचे आभार. जीपी सर, तुमचं वाचून उद्याच मेडिकल सुपरिटेंडंटना भेटतो. डिस्चार्ज समरी जीपींना द्यायला कुणी नाहीच आमच्यात, ते काम माझ्या अंगावर मागून घेतो. एक विचारायचं, कन्सल्टंटना घेऊन तुमच्याकडं आलो तर चालेल का, सीएमई (डॉक्टरांसाठीचं व्याख्यान) वगैरे?

जत तालुक्यातला जीपी
हॉटेलात जेवणाची सीएमई नको. दुपारी दोन ते चार ओपीडी नसते, कन्सल्टंटला घेऊन दवाखान्यातच या, माझ्याकडचे दोन-तीन अडलेले पेशंट बसवून ठेवतो, ते त्यांना दाखवू. पूर्वेकडच्या गावातले कन्नड बोलणारे पेशंट पण असतील, कन्नड येणारा कुणी स्टाफ असेल तर बरोबर आणा. आणि यायच्या आधी आमच्या तालुक्यातून तुमच्यात गेलेल्या पेशंटची यादी काढा, कोण बरा झाला, कोण अजून ॲडमिट आहे, कोण दगावला. त्यावरच बोलू.